तंटा मिटणे आणि नुकसान भरणे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने न्यायाविषयी लिहावे हे काही वाचकांना अस्थानी वाटेल. परंतु प्रस्तुत विषयात येणे, देणे आणि भरपाई हेच शब्द पुन्हापुन्हा येतात, म्हणून हे धाडस. रिस्टोरेटिव्ह जस्टिस या संज्ञेस मराठीत 'पुनःस्थापक न्याय' म्हणता येईल. शब्द जड आहे, कल्पना मात्र सोपी. नेहमीचा फौजदारी न्याय गुन्हा कोणता, तो कोणी केला व शिक्षा किती, हे पाहतो. पुनःस्थापक न्याय आधी नुकसान कोणाचे झाले हे पाहतो आणि ते भरून देणे कोणाकडे निघते, हे ठरवितो.

या पद्धतीचा आधुनिक आरंभ बहुधा १९७४ सालापासून सांगतात. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात एल्मायरा या गावी दोन तरुणांनी नशेत बावीस ठिकाणी मोडतोड केली. मार्क यान्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्या दोघांना नुकसान झालेल्यांच्या दारी जाऊन भेटावयास व भरपाई करावयास लावले. पुढे १९८९ साली न्यूझीलंडने बालगुन्हेगारांसाठी कुटुंबपरिषदेची पद्धत कायद्यातच घातली.

आपल्याकडे गावातला तंटा गावातच सोडविणे नवे नाही. आमच्या मये गावात, किंबहुना साऱ्या डिचोली-पेडणे भागात, देवापुढे गाऱ्हाणे घालून कौल घेण्याची चाल सर्वांना ठाऊक आहे. मात्र 'जुने ते सारे न्यायाचे' असे मी म्हणणार नाही. गांवकारीतील हक्क वंशपरंपरेने पुरुषांकडे चालत आले. ज्याचे त्या बैठकीत स्थान नव्हते, त्याचे गाऱ्हाणे दुसऱ्याच्या तोंडून मांडले जाई. नव्या व्यवस्थेत हा दोष राहता कामा नये.

शासकीय पातळीवरचा आपल्या जवळचा मोठा प्रयोग म्हणजे महाराष्ट्राची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने ती १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमावी, गावातील दिवाणी, महसुली व फौजदारी तंट्यांची नोंद करावी आणि सामोपचाराने मिटविता येतील ते मिटवावेत, अशी तिची रचना. यशस्वी गावास लोकसंख्येनुसार एक लाखापासून दहा लाख रुपयांपर्यंत बक्षीस ठेवले होते. पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास कचरणाऱ्या माणसाला गावातच दाद मागता येऊ लागली, हा या मोहिमेचा मोठा गुण होय.

पण हिशेबाच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट खटकते. बक्षीस मिटलेल्या तंट्यांच्या संख्येकडे पाहून मिळू लागले की समितीचे लक्ष संख्येकडे जाते. मग 'गावाच्या नावासाठी एवढे सोड' असे कोणाला सांगितले जाईल? ज्याच्याकडे जमीन कमी, ज्याच्या बाजूला माणसे कमी, त्यालाच. तंटा मिटला, पण येणे बुडाले. खातेवहीत याला आपण तडजोड म्हणत नाही, बुडीत खाते म्हणतो.

म्हणून समन्वयकाचे काम नेमके काय, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, मयेत एका तरुणाने शेजारच्या विधवा बाईच्या कुळागराचे कुंपण मोडले व पोफळीची चाळीस रोपे उपटली. समन्वयकाने दोघांना लगेच समोरासमोर बसवू नये. प्रथम बाईकडे एकटे जावे. "काकी, तुम्हांला काय हवे?" एवढेच विचारावे आणि गप्प राहून ऐकावे. कदाचित तिला पैशापेक्षा रात्री निर्धास्त झोपता येणे हवे असेल. मग तरुणाकडे जावे. त्याने कृत्य कबूल केले तरच पुढे जाता येते. नाकारत असेल तर खरेखोटे करण्याचा अधिकार समितीला नाही, ते न्यायालयाचे काम. बैठकीला 'नाही' म्हणण्याची मोकळीक बाईला शेवटपर्यंत असावी, आणि नाही म्हटल्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये.

बैठकीत बाई आधी बोलेल. तिच्यासोबत तिच्या विश्वासाचे माणूस असावे. समन्वयकाने निवाडा द्यावयाचा नाही. ही गोष्ट आपल्याकडे सर्वांत अवघड, कारण आपल्याला पंच म्हटला की निकाल हवा असतो. ठरेल ते मोघम नसावे. 'नुकसान भरून देईन' हे वाक्य निरुपयोगी. किती रोपे, कोणत्या तारखेपर्यंत, कुंपण कोण बांधणार, पहिल्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे लिहावे. पोफळ फळाला येण्यास काही वर्षे लागतात, म्हणजे रोपाची बाजारातली किंमत ही खरी भरपाई नव्हे, हेही ध्यानात घ्यावे.

कायद्याची चौकट विसरून चालणार नाही. कोणते गुन्हे आपसांत मिटविता येतात याची यादी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. बलात्कारासारखा गुन्हा त्या यादीत नाही, आणि असा गुन्हा चावडीवर 'मिटविणे' हा न्याय नव्हे. विधिसेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली लोकअदालतीत झालेल्या तडजोडीस दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. याउलट २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातील सामुदायिक मध्यस्थीच्या तरतुदीनुसार झालेल्या करारास ते बळ दिलेले नाही. म्हणजे तो करार पाळला जाणे हे दोन्ही पक्षांच्या शब्दावर व गावाच्या नजरेवर अवलंबून राहते.

यासाठी समितीच्या नोंदवहीत नाव, तारीख, तंट्याचे स्वरूप व 'मिटला/न मिटला' एवढे रकाने पुरेसे नाहीत. त्यापुढे आणखी तीन रकाने आखावेत : काय देणे ठरले, किती दिले, आणि तीन महिन्यांनी समन्वयक पुन्हा घरी गेला तेव्हा नुकसान झालेली व्यक्ती काय म्हणाली. वरच्या उदाहरणात शेवटचा रकाना बाईने स्वतः सांगून भरवून घ्यावयाचा, आणि तो भरेपर्यंत 'मिटला' या शब्दापुढे खूण करावयाची नाही.