हवेवर पंप चालेल का?

प्रश्न : उजनीच्या पाण्यावर आमचा ५ एचपीचा पंप आहे. लाइट गेली की पंक्चरवाल्याच्या टाकीतल्या हवेवर तो चालवता येईल का? (एक वाचक, ता. करमाळा)

उत्तर : एअर मोटर जोडली तर चालेल, पण मिनिटभरसुद्धा नाही! २०० लिटरच्या टाकीत ८ बार दाबाची हवा म्हणजे विजेच्या एका युनिटचा जेमतेम पंधरावा हिस्सा. टाटा मोटर्सने २००७मध्ये फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी हवेवरच्या गाडीचा करार केला, तिथे दाब ३०० बारच्या घरात. तरी गाडी आपल्या बाजारात आलीच नाही. हवा दाबताना तापते, ती उष्णता वाया जाते. सुटताना इतकी गारठते की नळीवर बर्फ धरतो. जुन्या सिलिंडरला वेल्डिंग मारून दाब वाढवायच्या फंदात तर मुळीच पडू नका, फुटला तर जीव जाईल. त्यापेक्षा सौरपंपाचं बघा.