उद्या म्हणजे केव्हा?



आपल्या मराठीत ‘परवा’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. ‘परवा आलो होतो’ म्हटले की तो मागे जातो, ‘परवा येईन’ म्हटले की पुढे. हिंदीत तर ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. आपण त्या दोहोंना निराळी नावे दिली, पण उद्याबद्दलचा आपला गोंधळ काही कमी झाला नाही. ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा कोणताच वार नसतो.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथाच्या अकराव्या भागात काळाचा कसून विचार केला आहे. गेलेला काळ आता नाही, येणारा अजून नाही. मग आहे ते काय? त्यांच्या मते तिन्ही काळ मनात वर्तमान होऊनच राहतात. गेलेल्याची आठवण, समोरच्याकडे लक्ष आणि येणाऱ्याची अपेक्षा. सेमिनरीत हे प्रकरण आम्ही परीक्षेसाठी पाठ केले. गुणही बरे मिळाले.

परंतु ऑगस्टीन हे नुसते विचारवंत नव्हते. ‘उद्या’ने त्यांना वर्षानुवर्षे अडवून ठेवले होते. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत त्यांना रडू फुटले, ते आपण देवाकडे वळणे रोज पुढे ढकलतो या जाणिवेने. पुढल्या वर्षी ईस्टरच्या जागरणविधीत संत अँब्रोज यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. बिशप झाल्यावर ते प्रवचनांत कावळ्याचा दाखला देत. लॅटिन भाषेत उद्याला ‘क्रास’ म्हणतात आणि कावळाही ‘क्रास, क्रास’ असेच ओरडतो! नोहाच्या तारवातून गेलेला कावळा परतला नाही, कबुतर परतले, याकडेही ते लक्ष वेधत. आपल्या अंगणात कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात. त्यांना मात्र त्यात पश्चात्ताप लांबवणारा माणूस ऐकू येई.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, संध्याकाळी एका आजींचा निरोप आला, ‘फादर, पापनिवेदन करायचे आहे.’ त्या दिवशी सभा होती, पाऊसही होता. ‘उद्या सकाळी मिस्सा झाली की येतो,’ असे आम्ही कळवले. मिस्सा आटोपून बाहेर आलो तर त्यांचा मुलगा दारात उभा. दफनविधीची वेळ ठरवायला आला होता.

आजींनी रात्री दोनदा ‘फादर आले का?’ असे विचारले होते, हे सुनेने नंतर सांगितले. रागाने नव्हे, सहज बोलता बोलता. देवाची दया धर्मगुरूच्या सवडीवर अवलंबून नसते हे आम्ही जाणतो, तोच आमचा आधार आहे. पण ऑगस्टीन म्हणतात ती अपेक्षा त्या रात्री त्या घरात जागी होती आणि आमच्या डायरीत मात्र तिची नोंद उद्याच्या पानावर होती.

आज दोन्ही मिस्सांनंतर आम्ही साक्रिस्तीत थांबणार आहोत. घरी कोणी आजारी असेल, तर नाव व पत्ता सांगून जावे. आजच दुपारपासून निघतो आहोत.