लाल दिव्यावर डावीकडे वळावे का?

प्रश्न : सिग्नल लाल असला तरी डावीकडे वळायला हरकत नाही, असे आमच्याकडे सगळेच धरून चालतात. थांबलो तर मागचा हॉर्न वाजवून हैराण करतो. कायदा काय म्हणतो? आणि शिळफाट्यासारख्या नाक्यावर अशी मोकळीक असावी का?
— एक वाचक, शिळफाटा (खोपोली)

उत्तर : लाल म्हणजे थांबा, डावीकडे वळणाऱ्यानेसुद्धा. डावीकडचा हिरवा बाण, मुक्त वळणाचा फलक किंवा पोलिसाचा इशारा असेल तरच वळावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 119 नुसार सिग्नल पाळणे बंधनकारक आहे. 2019 च्या दुरुस्तीपासून लाल दिवा तोडणे कलम 184 मध्ये धोकादायक वाहन चालवणे म्हणून स्पष्ट नोंदले गेले. पहिल्या गुन्ह्याला दंड एक ते पाच हजार रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद. तेव्हा मागच्याला हॉर्न वाजवू द्या, तुम्ही थांबा.

अशी मोकळीक सर्रास दिली ती अमेरिकेने. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून वळणही उजवे. 1973 च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवायला 1975 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना तिकडे वळवले आणि 1980 पर्यंत बहुतेक देशभर ही सवलत लागू झाली. पुढच्या अभ्यासांत पादचारी आणि सायकलस्वारांचे अपघात वाढलेले दिसले. न्यूयॉर्क शहरात फलक नसेल तर असे वळणे आजही मना आहे. जर्मनीत ठरावीक चौकांत हिरव्या बाणाची पाटी असते, पण तिथेही आधी पूर्ण थांबावे लागते.

अपघात का वाढतात, हे शिळफाट्यावर उभे राहिले की कळते. डावीकडे वळणारा चालक पाहतो उजवीकडे, कारण गाड्या तिकडून येतात. नेमक्या त्याच वेळी, त्याचा दिवा लाल आहे म्हणून, माणसे त्याच्यासमोरून रस्ता ओलांडत असतात. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो. ट्रकच्या डाव्या दाराखालचा माणूस त्याला दिसतच नाही. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्यांपेक्षा आत, कडेकडे सरकतात. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, त्यामुळे घाटाकडे जाणारे ट्रक, एसटी, मिनीडोर, मोटरसायकली आणि शाळेची पोरे असे सगळे शिळफाट्यावरून जाणाऱ्या जुन्या महामार्गावरच एकत्र येतात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जिथे डावीकडे वळणाऱ्यांसाठी दुभाजकाने वेगळी केलेली मार्गिका आहे, तिच्यावर पट्टेरी ओलांडणी आहे आणि फलक लावला आहे, तिथे मोकळीक द्यायला हरकत नाही. शिळफाट्यासारख्या गर्दीच्या नाक्यावर मात्र ती देऊ नये. वाचणारे अर्धे मिनिट चालकाचे असते, धोका मात्र पायी चालणाऱ्याचा. तुमच्या नाक्यावर वळणाचा फलक लावायची मागणी आली, तर नगरपालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे आधी पायी जाणाऱ्यांसाठी ओलांडणी आणि तिचा वेगळा दिवा मागा.