लंडनहून पॅरिसला : विमान की रेल्वे?

लंडनला नव्याने आलेलं कुटुंब पहिल्या सुट्टीत बहुतेक पॅरिसचाच बेत आखतं. सरळ रेषेत अंतर साडेतीनशे किलोमीटरही नाही. मुंबई-रत्नागिरी रस्त्याने जवळपास तेवढंच पडतं. विमान सव्वा तासात पोहोचतं, त्यातही प्रत्यक्ष हवेत असतं जेमतेम पाऊण तास. तरीही इथे मुरलेली बहुतेक मराठी घरं सांगतात, मुलं बरोबर असतील तर रेल्वेनेच जा.

हिशेब दारापासून दारापर्यंतचा करा. हॅरो किंवा वेम्ब्लीहून हीथ्रोला पोहोचायला तासभर, उड्डाणाआधी दोन तास विमानतळावर, मग सव्वा तासाचं विमान, पॅरिसला पासपोर्टची रांग, आणि शार्ल द गोल विमानतळ शहरापासून पंचवीस किलोमीटर बाहेर असल्यामुळे लोकलचा आणखी अर्धा तास. सहा तास सहज जातात. उलट हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइन थेट किंग्ज क्रॉस सेंट पॅन्क्रसला नेते. तिथून सुटणारी युरोस्टार समुद्राखालच्या बोगद्यातून सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसच्या मध्यावर, गार द्यू नॉरला उतरवते. स्टेशनवर तास-दीड तास आधी पोहोचलात तरी एकूण साडेचार तास. शंभर मिलिलिटरचं बंधन नाही, त्यामुळे बाळाचं पाणी, आमटीचा डबा खुशाल घ्या. स्लाव, हाउन्सलोची मंडळी मात्र विमानाच्या बाजूने बोलतात. हीथ्रो त्यांच्या दाराशी आहे, त्यांचं म्हणणं रास्तच आहे.

स्वस्त तिकीट दिसलं की विमानतळाचं नाव आधी वाचा. बोव्हेला 'पॅरिस' म्हणत असले तरी तिथून शहर ऐंशी किलोमीटरच्या वर आहे. घड्याळाचंही ध्यानात ठेवा : पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. नऊला सुटून सव्वाअकराला पोहोचणारं विमान सव्वा तासाचंच असतं.

फ्रान्सची पासपोर्ट तपासणी सेंट पॅन्क्रसलाच होते, म्हणजे शेंगेन व्हिसा नसेल तर गाडीतही बसता येत नाही. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. भारतीय पासपोर्टवर हा नियम लहान बाळालाही लागू. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तेव्हा पहिल्या खेपेला जास्त वेळ हाताशी ठेवा. भारतातून आई-बाबा येणार असतील तर त्यांचा शेंगेन व्हिसा तिथूनच काढून आणायला सांगा.

फराळ नेताना चकली-चिवडा चालतो. तूप, पेढे, खव्याचं काही नको. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीला सूट आहे.

परतीची एक गोष्ट हमखास राहून जाते. नवा पासपोर्ट काढला असेल तर त्याचा नंबर आपल्या ई-व्हिसाच्या खात्यात नोंदवा, नाहीतर परतताना तपासणीत अडकाल. शेंगेनसाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तारखा फार लवकर भरतात. म्हणून आधी अपॉइंटमेंट घ्या. पैसे परत न मिळणारी तिकिटं मात्र व्हिसा हातात पडेपर्यंत काढू नका.