बैठकीत माना डोलतात, घरी चुका त्याच!

प्रश्न : मी मोखाडा तालुक्यात गटप्रवर्तक आहे. आशांच्या बैठकीत शिकवलेलं सगळ्यांना समजतं, पण गृहभेटीत चुका त्याच. मी स्वतः काय शिकू?

उत्तर : ताई, आधी कमी बोलायला शिका. प्रमाणपत्राचे कोर्स नंतर पाहू. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, हे आशांना पाठ असतं. पण बाळ शांत असताना, पोटाची हालचाल बघत, पूर्ण मिनिट मोजणं प्रत्येकीकडून करून घ्यावं लागतं. 60 आले तर पुन्हा मोजायचं. तुम्हीही सोबत मोजा आणि आकडे जुळतात का पाहा. (पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारी एखादी सापडेलच.)

दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर आशाच्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी असतात. एखादीसोबत जा, मध्ये तोंड घालू नका. परतताना एकच चूक सांगा, तीही एकांतात. पुढच्या बैठकीचा विषय तोच घ्या, नाव न घेता.

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. त्यांच्या बाळांच्या पाठपुराव्याचा सराव भातकापणीआधीच उरका.