ऋतुमानाचा स्वयंपाक आणि वेळेचा हिशेब

पाकक्रियेसारखा विषय शाळेच्या वार्षिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. मधल्या सुट्टींत उघडणारे डबे आम्ही रोज पाहतों, म्हणून तो येथें घेतला आहे. कांहीं डब्यांत पोळीभाजी असते, कांहींत उसळ-भाकरी. आणि बऱ्याच डब्यांतून बिस्किटांचा पुडा, नाहीं तर सकाळीं घाईघाईनें शिजवून आतां गोळा झालेल्या शेवया निघतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला हीच मुलें फळ्याकडे पाहत पाहत पेंगूं लागतात. ह्याबद्दल त्यांच्या आयांस दोष देणें अन्यायाचें होईल. शाळेची गाडी सातला दाराशीं येते, वडिलांची आगगाडी साडेसातची, आईहि नोकरीस जाणारी. अशा घरांत पहांटे पांचला उठून एका माणसानें काय काय करावें? "वेळ नाहीं" हें कारण खोटें नसतें. मात्र तें तपासून पाहण्याजोगें असतें, आणि प्रस्तुत लेखांत आम्ही तेंच करणार आहों.

स्वयंपाकास लागणारा वेळ दोन जातींचा असतो. निवडणें, चिरणें, मळणें, लाटणें, परतणें ह्यांत हात गुंततात. हा हाताचा वेळ. भिजणें, मोड येणें, आंबणें, विरजणें, वाफेवर शिजणें ह्यांत पदार्थ आपलें काम आपणच करीत असतो आणि मनुष्य झोंपला असला किंवा कचेरींत असला तरी चालतें. हा पदार्थाचा वेळ. ज्या घरांत सकाळीं तारांबळ उडते तेथें बारकाईनें पाहिलें तर हे दोन्ही वेळ एकाच तासांत कोंबलेले आढळतात. डाळ त्याच वेळीं भिजत असते, भाजी त्याच वेळीं निवडली जात असते, आणि "आज काय करावें" हा विचारहि त्याच वेळीं चाललेला असतो. ह्या तीन गोष्टी सकाळच्या तासांतून बाहेर काढल्या म्हणजे उरलेलें काम त्या तासांत मावतें.

ही कल्पना नवी नाहीं. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक ह्यांनीं १९१० सालीं इक्मिक कुकर तयार केला, त्याच्या मुळाशीं हाच विचार होता. एकावर एक बसणारे डबे, त्यांच्याखालीं कोळशाची लहान शेगडी. भात, डाळ व भाजी वाफेवर एकदम शिजत, आणि शिजविणारा आपल्या उद्योगास मोकळा होई. आजच्या प्रेशर कुकरांत वाफ कोंडली गेल्यामुळें पाणी शंभराऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें, म्हणून भिजविलेली तुरीची डाळ पाव तासांत मऊ होते. असें असतांहि कित्येक घरीं त्यांत एकच भांडें ठेवितात, हें आम्हांस नवल वाटतें. खालीं डाळ, मध्यें तांदूळ, वर भोपळ्याच्या फोडी किंवा बटाटे, अशीं तीन भांडीं एका आंचेवर होतात.

पदार्थाच्या वेळेचें उत्तम उदाहरण म्हणजे मटकीची उसळ. ती करावयास किती वेळ लागतो ह्याला दीड दिवस हेंहि उत्तर खरें आहे, आणि अर्धा तास हेंहि खरें आहे. सोमवारीं सकाळीं घराबाहेर पडण्यापूर्वीं दोन वाट्या मटकी निवडून, धुवून, तिप्पट पाण्यांत टाकावी. ह्यास पांच मिनिटें. रात्रीं जेवणानंतर पाणी काढून ती ओल्या पातळ फडक्यांत बांधावी व पुरचुंडी चाळणींत ठेवून वर झांकण घालावें. ह्यास दोन मिनिटें. उकाड्याच्या दिवसांत मंगळवारीं सकाळीं मोड दिसूं लागतात. थंडींत त्यांस आणखी निम्मा दिवस लागतो, म्हणून तेव्हां उसळ संध्याकाळच्या जेवणास धरावी. मग तेलांत मोहरी, हिंग, हळद घालून कांदा परतावा, मटकी टाकावी, वर झांकण ठेवून त्या झांकणांत पाणी घालावें. खालीं वाफ गार होऊन थेंब परत उसळींत पडतात, ती करपत नाहीं, आणि तेंच कोमट पाणी पुढें आंत ओतावयास उपयोगी पडतें. मीठ, गोडा मसाला व आमसूल मटकी मऊ झाल्यावर घालावें. आमसूल आरंभींच घातलें तर आंबटपणामुळें कडधान्य शिजावयास उशीर लागतो. लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची चाल कांहीं घरीं आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. सोड्यानें थायमिन हें जीवनसत्त्व नाश पावतें, आणि एवीं तेवीं मोड आलेल्या मटकीस सोड्याची गरजच नसते.

मोड येण्यांत केवळ चवीचा लाभ नाहीं. कोरड्या कडधान्यांत क जीवनसत्त्व जवळ जवळ नसतेंच. तें मोड येतांना तयार होऊं लागतें. तसेंच दाण्यांतील लोहास अडवून धरणारें फायटिक आम्ल कांहीं अंशीं कमी होतें. ही गोष्ट किरकोळ मानूं नये. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. त्यांत आपल्या वरच्या वर्गांतील मुलींच्या वयाच्या मुली आहेत आणि त्यांच्या आयाहि आहेत. लोहाची उणीव हें ह्याचें एकमेव कारण नसलें तरी मोठें कारण आहे. डाळींतलें व पालेभाजींतलें लोह शरीरास सहज मिळत नाहीं. त्याच घांसाबरोबर लिंबू, आवळा, पेरू असें कांहीं पोटांत गेलें तर तें अधिक मिळतें. लिंबू मात्र भांडें चुलीवरून उतरल्यावर पिळावें, कारण उष्णतेनें क जीवनसत्त्व टिकत नाहीं. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट परिणाम होतो. ज्यांच्या घरीं डब्याबरोबर चहाचा थर्मास जातो त्यांनीं चहा जेवणानंतर तासाभरानें घ्यावा.

आतां "आज काय करावें" ह्या प्रश्नाकडे वळूं. पुष्कळ गृहिणी सांगतात कीं, खरा शीण चुलीपुढें उभें राहण्याचा नाहीं, रोज हें ठरविण्याचा आहे. हा भार उचलण्यास ऋतूसारखा सहायक नाहीं. पुण्याची मंडई १८८६ सालीं उघडली. तेथें काय, किंवा आपापल्या गांवच्या आठवड्याच्या बाजारांत काय, ज्या भाजीचे ढीग सर्वांत मोठे आणि भाव सर्वांत उतरलेला, ती त्या ऋतूची भाजी असें खुशाल समजावें. मे महिन्यांत महाग फ्लॉवर शोधीत फिरण्यांत पैसाहि जातो आणि वेळहि.

हिवाळा ह्या बाबतींत सर्वांत उदार आहे. मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला, गाजर, मुळा, पावटा, तुरीचे ओले दाणे, वांगीं. काय घ्यावें असें होऊन जातें. आपल्याकडे संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगीची भाजी करितात, तींत वांगें, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरेंसुद्धां एकत्र शिजतात आणि वर तीळ पडतात. जोडीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्या आठवड्यांत शेतांत जें जें तयार असतें तें तें त्या एका कढईंत उतरतें. मग हीच कढई वर्षांतून एकच दिवस कां? थंडीच्या कोणत्याहि मंगळवारीं ती चढवितां येते, आणि त्यास चार भाज्यांच्या चार फोडण्या लागत नाहींत.

बाजरीसंबंधीं एक सूचना येथें केली पाहिजे. तिच्या पिठांत स्निग्धांश असल्यामुळें तें लवकर खवट होतें; आठ-दहा दिवस पुरेल इतकेंच दळून आणावें. भाकरीचा हात बसण्यास सराव लागतो हें खरें आहे. बाजरींत व ज्वारींत गव्हासारखा चिकटपणा नाहीं, म्हणून पीठ कढत पाण्यानें मळावें म्हणजे भाकरी थापतांना चिरत नाहीं. तरीहि ज्यांना ती साधत नाहीं त्यांच्यासाठीं भाजणीचें थालीपीठ आहे. दोन वाट्या बाजरी, दोन ज्वारी, एक तांदूळ, एक हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडीद व अर्धी धने, हीं निरनिराळीं खमंग भाजून एकत्र दळावीं. हें एका रविवारचें काम. भाजल्यामुळें हें पीठ कोरड्या डब्यांत महिनाभर चांगलें राहतें. पुढें कोणत्याहि सकाळीं त्यांत कांदा किंवा चिरलेली मेथी घालून, तव्यावर थापून, मधोमध भोंक पाडून तेल सोडलें कीं दहा मिनिटांत डबा तयार. दोन मिनिटांच्या शेवयांची जाहिरात करणारांनीं आमच्या आज्यांच्या भाजणीची कधीं चौकशी केलेली दिसत नाहीं!

मेथी म्हटली कीं निवडण्याचा कंटाळा आलाच. चार माणसांच्या घरास दोन जुड्या लागतात आणि एकट्या माणसास त्या निवडावयास अर्धा तास पुरत नाहीं. पण चौघे बसले तर रात्रींच्या गप्पा संपण्यापूर्वीं काम होतें. येथें आम्ही विद्यार्थ्यांशीं, आणि त्यांतहि मुलग्यांशीं, स्पष्ट बोलतों. मटार सोलणें, लसूण सोलणें, कडधान्य भिजत घालणें, ह्यांपैकीं एकाहि कामास बहिणीचाच हात लागतो असें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. निवडलेली भाजी न धुतां कोरड्या फडक्यांत गुंडाळून ठेवावी. सकाळीं आधीं धुवावी व मग चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यांत विरघळणारीं जीवनसत्त्वें मोरींतून वाहून जातात.

पावसाळ्यांत पालेभाजीस चिखल व किडे फार, म्हणून ती दोन-तीन पाण्यांनीं धुवून नीट शिजवूनच खावी. ह्याच दिवसांत कोंकणांत व मावळांत टाकळा, कुर्डू, भारंगी ह्या रानभाज्या येतात. ओळखणाऱ्या माणसाकडूनच त्या घ्याव्या. अळूच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनीं घसा खाजतो. अळूच्या फतफत्यांत चिंच पडते ती ह्याच अनुभवामुळें. आणि भात! सकाळचा भात रात्रीं फोडणीस टाकण्याची काटकसर आम्हांसहि आवडते, पण तो दिवसभर ओट्यावर ठेवूं नये. शिजल्यानंतरहि जिवंत राहणारे कांहीं जंतु उबदार भातांत वाढतात आणि त्यांनीं केलेलें विष पुन्हां गरम केल्यानें जात नाहीं. भात पसरून लवकर निववावा, दोन तासांच्या आंत फ्रिजमध्यें ठेवावा, आणि नंतर वाफ येईपर्यंत तापवावा.

उन्हाळ्याचा स्वयंपाक मुळांतच थोडका आहे. भूक मंद, चुलीपुढें उभें राहवत नाहीं. ताक, कोकमाचें सार, काकडीची कोशिंबीर, मेतकूट-भात ह्यांवर एक वेळ सहज निभावते. मार्च-एप्रिलांत सकाळच्या शाळा सुरू झाल्या कीं आम्ही पालकांस नाचणीची आंबील सुचवितों. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, म्हणजे तितक्याच दुधाच्या जवळ जवळ तिप्पट. रात्रीं चार चमचे पीठ वाटीभर पाण्यांत कालवून झांकून ठेवावें. सकाळीं तें दोन वाट्या उकळत्या पाण्यांत ओतून, गुठळी होऊं न देतां पांच-सात मिनिटें घोटावें. निवल्यावर ताक, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि आवडत असल्यास ठेंचलेल्या लसणाची एक पाकळी घालावी. पातळ ठेविली तर ती घर सोडण्यापूर्वीं उभ्याउभ्या पितां येते.