गाडी विकली, नाव मात्र आपलेच !



गळिताचा हंगाम तोंडावर आला की आपल्या भागात जुने ट्रॅक्टर, ट्रॉल्या, जीपगाड्या यांचे सौदे सुरू होतात. कळंबचा ट्रॅक्टर बार्शीला जातो, उमरग्याची ट्रॉली आळंद-बसवकल्याणकडे जाते. सौदा चहाच्या टपरीवर ठरतो, इसार हातात पडतो, स्टँपपेपरवर दोन साक्षीदारांच्या सह्या होतात आणि "नावावर नंतर करून घेऊ की" असे म्हणून किल्ली दिली जाते. नवी गाडी घेतली की आपण आधी तुळजापूरला नेऊन हार घालतो. विकताना मात्र आरटीओ ऑफिसची पायरी चढायचा कंटाळा करतो. हा कंटाळा किती महागात पडू शकतो, ते समजावे म्हणून आम्ही हा पाठ देत आहोत.

मालक कोण ?

साधा माणूस म्हणेल, ज्याने पैसे मोजले आणि ज्याच्या दारात गाडी उभी, तो मालक. विकणारा आणि घेणारा या दोघांपुरते ते बरोबरही आहे. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २(३०) मध्ये मालकाची व्याख्या वेगळी आहे. ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे, तो मालक. (हप्त्यावरील किंवा तारण गाडीच्या बाबतीत ज्याच्या ताब्यात ती कराराने आहे, तो मालक.) सबब, आरसी बुकावर आपले नाव आहे तोवर, गाडीने अपघात केला तर जखमी माणसाच्या किंवा मयताच्या वारसाच्या दृष्टीने मालक आपणच.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाने दि. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट निकाल दिला. त्यात गाडी मूळ मालकाने २००७ साली विकली होती. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली. नोंदीत नाव मात्र पहिल्याचेच राहिले. मे २००९ मध्ये त्या गाडीने अपघात होऊन एक जण दगावला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीतील मालकावर ठेवली. कारण असे की, अपघातग्रस्ताने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत दारोदार फिरावे, हे कायद्याला मान्य नाही.

वसुली कोठून होते ?

गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई बहुधा विमा कंपनी देते. पण जुन्या ट्रॅक्टरचा विमा घेणाऱ्याने भरलाच नाही, तर काय ? मग दावा प्राधिकरणाचा निवाडा थेट मालकावर येतो. कलम १७४ प्रमाणे ही रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे विकलेल्या ट्रॅक्टरपायी आपल्या सातबाऱ्यावर संकट येऊ शकते. शिवाय वेग, सिग्नल वगैरेंची ई-चलने नोंदीतील नावावरच येतात. गुन्ह्याच्या वेळी गाडी कोण चालवीत होते, हेही पोलीस मालकालाच विचारतात. कलम १३३ प्रमाणे ती माहिती देणे मालकाचे कर्तव्य आहे. घेणाऱ्याचा नीट पत्ताच आपल्याजवळ नसेल तर उत्तर काय देणार ?

स्टँपवरील पावती निरुपयोगी नव्हे. घेणाऱ्याकडून पुढे पैसे मागायला ती पुरावा म्हणून कामी येते. पण ती आरटीओच्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

विकताना काय करावे ?

१. गाडीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर आधी कर्ज फेडावे. बँकेचा दाखला व नमुना ३५ घेऊन आरसीवरील बोजा कमी करून घ्यावा.

२. नमुना २९ (विक्रीची सूचना) व नमुना ३० (नाव बदलाचा अर्ज) पूर्ण भरूनच सही करावी. कोऱ्या नमुन्यावर सही करून एजंटाच्या हाती कधीही देऊ नये.

३. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते व घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. उत्तम मार्ग म्हणजे किल्ली देण्यापूर्वीच दोघांनी मिळून अर्ज दाखल करावा आणि पोच जपून ठेवावी.

४. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची नोंद वेगवेगळी असते. ट्रॅक्टर नावावर झाला म्हणजे ट्रॉलीही झाली, असे समजू नये.

५. गाडी कर्नाटकात जाणार असेल तर कलम ४८ प्रमाणे ना-हरकत दाखला घ्यावा. सीमेपलीकडे गेलेली गाडी नंतर शोधणे फार अवघड जाते.

६. ताबा दिल्याच्या पावतीवर तारीख व वेळ दोन्ही लिहावी. घेणाऱ्याच्या आधार कार्डाची व लायसन्सची प्रत, फोन नंबर आणि गाडीसोबत त्याचा फोटो ठेवावा.

७. विक्रीच्या दिवशी विमा चालू आहे याची खात्री करावी आणि नाव बदलेपर्यंत तो बंद करू नये. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने कलम १५७ प्रमाणे १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो.

८. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी देताना त्याचे अधिकारपत्र पाहावे. अशा व्यापाऱ्यांसाठी दि. १ एप्रिल २०२३ पासून स्वतंत्र नियम लागू आहेत. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना आरटीओकडे गेली का, ते पाहावे.

९. गाडी मोडीत निघाली असेल तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत कळवून नोंद रद्द करून घ्यावी. भंगारवाल्याला नुसती वजनावर देऊन मोकळे होऊ नये.

महिनाभराने आरटीओत किंवा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून, नाव बदलले का ते एकदा पाहावे. बदलले नसेल तर घेणाऱ्याला लेखी कळवावे व त्याची प्रत आरटीओला द्यावी.

पाहुण्यांत, भावकीत सौदा झाला तर कागद मागणे काहींना अवघड वाटते. "माझ्यावर विश्वास नाही का ?" असे कोणी विचारलेच, तर सांगावे की विश्वास तुमच्यावर आहेच, पण रस्त्यावर उद्या काय होईल ते तुमच्याही हाती नाही आणि आमच्याही. कागद पुरा झाला म्हणजे दोघांची झोप सुखाची.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. स्टँपवर विक्री झाली, पण आरसीवर जुनेच नाव आहे. अपघात झाल्यास भरपाई कोणाकडे मागितली जाईल ?

२. ट्रॅक्टरसह ट्रॉली विकली तर किती नोंदी बदलाव्या लागतील ?

३. आपल्या घरातून गेल्या पाच वर्षांत विकलेली वाहने कोणती ? आज ती कोणाच्या नावावर आहेत ?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सभासदाने घरी जाऊन आरसीची जुनी झेरॉक्स काढून शोधावे, अशी आमची विनंती आहे.